मामाजींच्या राघूचं पथ्य

लग्न होऊन मी बल्लारपूरला आले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. हे कागदाच्या कारखान्यात फिटर होते. सासूबाई मी पाहिल्याच नाहीत. हे सहा-सात वर्षांचे असतानाच त्या गेल्या होत्या. सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं मामाजी, आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका नाक्यावर जंगलखात्याचे नाकेदार होते. लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत गेले. माझ्या आईला ते लागलं. "एक दिवस काऊन नाई थांबले जी?" तिनं जावयाला विचारलं.

"पोपट आहे ना घरी," हे म्हणाले. "त्याले कोण चारंल?"

आईला ती थट्टा वाटली, मलाही वाटली. पुढे मामाजी रिटायर होऊन कायमचे आमच्याकडे आले, तेव्हा कळलं की यांनी खरं तेच सांगितलं होतं. सामान फार नव्हतं. पत्र्याची पेटी, कंदील आणि छत्री हमालाकडे होती. पिंजरा मात्र मामाजींनी स्वतः धरला होता, वर ओलं फडकं टाकून. मी पाया पडले. "सुखी राह्य," एवढं म्हणून त्यांनी फडकं काढलं आणि पिंजऱ्याला तोंड लावून म्हणाले, "आलो बाप्पा घरी. आता इथीच राह्याचं."

आमच्याशी ते इतकंही बोलत नसत. सकाळी चहा ठेवला की मान हलवायची, जेवण झालं की "झालं" म्हणायचं. यांच्याशी तर त्याहून कमी. बापलेक एका ओसरीवर तासभर बसलेले मी पाहिले आहेत, एक कारखान्याला जाणाऱ्या बांबूच्या मालगाड्यांकडे बघतोय आणि दुसरा पोपटाकडे. भांडण नव्हतं. बोलायला सुरुवात कुठून करायची, हेच त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

एकदा मी यांना विचारलं. हे सायकलच्या साखळीला तेल घालत होते. "आई गेली आन मले चांद्याले मामाच्या घरी टाकलं शाळेसाठी," हे म्हणाले. "बरोबर होतं म्हणा. नाक्यावर शाळा कुठी? ताप, वाघ, सगळंच. पण पुढच्या दिवाळीले बाबा भेटाले आले त सांगू लागले, का एक वाळलेला साग पाडला, त्याच्या ढोलीत पोपटाचं पिल्लू भेटलं, ते पाळलं. त्याले दूध-पोळी चारतो, अंथरुणापाशी घेऊन निजतो." साखळी गरागरा फिरवून हे हसले. "मी मामाच्या घरी आन तो बाबापाशी. तो त्यांचा धाकटा."

हसले खरे, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती.

मला स्वतःला पोपटाचं काही कौतुक नव्हतं. माझं माहेर आरमोरीकडचं, धानाचं. आमच्याकडे पोपट म्हणजे चोर. धान निसवला की थव्यानं येत, एक लोंबी खात आणि चार तोडून टाकत. माझं निम्मं लहानपण शेतातल्या माळ्यावर बसून डबा बडवण्यात आणि गोफण फिरवण्यात गेलं. पण त्यामुळेच मला पोपट ठाऊक होता. तो कसा असतो? झाडातून सुटलेल्या बाणासारखा. एका जागी ठरत नाही, उलटा लटकतो, इथलं चाखतो, तिथलं टाकतो.

मामाजींचा राघू तसला नव्हताच. तो काडीवर भरताच्या वांग्यासारखा बसलेला असे. पिसांना तकाकी नाही, छातीवर ठिकठिकाणी पिसं उपटून काढलेली, चोच वाढून आत वळलेली. पिंजऱ्याच्या सळया चढून वर गेला की चोच उघडी टाकून धापा टाकी. बोले मात्र छान. पहाटे "चहा झाला का?" असा मामाजींच्याच घोगऱ्या आवाजात विचारी, आणि मी दचकून पदर सावरी.

त्याला चारायचं काम दुसऱ्या कोणाला मिळत नसे. मी वाटीला हात लावला की मामाजी म्हणत, "राहू दे, मी करतो." सकाळी मूठभर करडई, दुपारी शेंगदाणे, संध्याकाळी मामाजींच्या ताटातलं जे असेल ते. पुरी, शेव, बाजारच्या दिवशी जिलबी. मामाजींना तळलेलं आणि गोड दोन्ही फार प्रिय, त्यामुळे राघूलाही प्रिय. मामाजींचं पोटही सदऱ्यातून पुढे आलेलं होतं आणि विहिरीवरून येताना त्यांनाही धाप लागे. पण घरातल्या नव्या सुनेनं हे बोलायचं कसं?

दसऱ्यानंतर एका सकाळी मी चुलीपाशी होते, आणि ओसरीवर धप्प असा आवाज आला. राघू काडीवरून खाली पडला होता. पिंजऱ्याच्या तळाशी पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, नुसता धापत होता. मामाजींना पिंजऱ्याचं दार उघडेना. मी उघडलं. मी ओंजळीत घेतला तर तो तापलेल्या विटेसारखा गरम लागला, आणि जड.

त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. राघू संध्याकाळी थोडा सावरला, पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याला चांद्याला गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. हे डबा घेऊन निघता निघता म्हणाले, "पोपटाले दवाखाना! करा बाप्पा." मग मीच मामाजींबरोबर आगगाडीत बसले. डब्यातली सगळी माणसं पिंजऱ्याभोवती गोळा झाली. राघू कोणाशी बोलला नाही.

गुरांचा डॉक्टर तरुण होता. "बैलाचं विचारा, लगेच सांगतो," तो म्हणाला. "पोपट मी आजपर्यंत हातात धरलेला नाही." पण धरला, सावकाश, आणि बोटानं छाती चाचपली. "हे पाहा. इथं मधलं हाड लागायला पाहिजे. लागतच नाही. सगळी चरबी. काय चारता याला?"

"करडई," मामाजी म्हणाले.

"आणखी?"

"शेंगदाणे."

"आणखी?"

मामाजी भिंतीकडे बघू लागले. म्हणून मी म्हटलं, "जिलबी."

डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. "करडई आणि शेंगदाणा म्हणजे नुसतं तेल झालं. जंगलात हा उडून ते जिरवतो, इथं काडीवर बसून कुठे जिरवणार? बारीक धान्य द्या, हिरवा पाला द्या, फळ द्या. तेलाचे दाणे चिमूटभर, तेही कधीमधी." राघूची वाढलेली चोच त्यानं कानशीनं थोडी घासून दिली. आणि निघताना मामाजींना म्हणाला, "बाबा, मी माणसांचा डॉक्टर नाही. पण तुम्ही त्या पायऱ्या चढून आलात ना, तेव्हा तुम्हालाही असाच दम लागला होता."

येताना गाडीत मामाजींनी पिंजरा मांडीवर घेतला.

घरी आल्यावर राघूची वाटी माझ्याकडे आली. मामाजींनीच ती माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. मी ज्वारी आणि तांदळाच्या कण्या घातल्या. राघूनं वाटीत चोच घातली, एक दाणा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तो बाहेर फेकला. मग दुसरा. वाटी रिकामी झाली, ओसरी भरली. दिवसभर त्यानं असं आकांडतांडव केलं की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी मात्र तो शांत होता. मला वाटलं, वळला. झाडताना पाहते तर पिंजऱ्याखाली करडईची पांढरी टरफलं!

मामाजींच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता.

मला राग आला. सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, पण मी टरफलं सुपात गोळा केली आणि सूप त्यांच्यासमोर ठेवलं. "मामाजी, हा मरंल ना जी अशानं."

त्यांनी एक टरफल उचलून पाहिलं. मग म्हणाले, "त्याले माया हातचं पाह्यजे, सुनबाई. तुले नाई समजणार. नाक्यावर आम्ही दोघंच राहो. मी जेवलो नाई, त हा बी जेवे नाई. मले ताप आला का दोघंबी उपाशी. मी जे तोंडात घालंल, तेच हा खाये. पोरासारखं."

पोरासारखं म्हणाले आणि त्यांनी सूप दूर सारलं. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी जे खाईन तेच हा खातो.

"मग तुमालेच खावं लागंल," मी म्हटलं.

"काय?"

"बारीक धान्य. त्याच्यासमोर बसून."

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना गवत खायला सांगितलं होतं.

त्याच आठवड्याच्या बाजारात मी धान्य आणायला गेले. गोल बाजारातल्या एका कोपऱ्यात एका मुसलमान व्यापाऱ्याचं धान्याचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. छपरावर त्यांची कबुतरं होती, म्हणून मला वाटलं यांना कळेल. "बाई, कबुतराले मी राळा देतो, ज्वारी देतो," चाचा म्हणाले. "तोत्याचं मले मालूम नाई. पण दाना अच्छा आहे का खराब, हे सांगू शकतो." त्यांनी पोती उघडली आणि मी जमिनीवरच बसले.

आई बियाण्याचे दाणे निवडायची ते मला पाठ होतं. दाणा आधी मुठीत घ्यायचा, थंड आणि कोरडा लागला पाहिजे. मग वास, कुबट आला की पोतं बंद. मग दातानं फोडायचा, आत पीठ पांढरं निघालं पाहिजे. मी पिवळा राळा घेतला, सावा घेतला, कुटकी घेतली. ज्वारी घेतली पण थोडी, कारण पहिल्या पोत्यात सोंडे निघाले. तुसासकट धान घेतला. पोपटाला सोलायला काहीतरी लागतंच, नाहीतर तो स्वतःचीच पिसं सोलतो, असं माझं मत झालं होतं. कोदो चांगले दिसत होते, तरी सोडले. पावसात भिजलेल्या कोदोनं माणसाला चक्कर येते, मग पाखराचं काय? लाखोळी तर आई पाय अधू होतात म्हणून आम्हालाही जपून देई, ती नकोच. एका पोत्यातला बाजरा मोठा टपोरा होता. मी हात घालणार तोच चाचांनी पोतं मागे ओढलं. "ये नको. बियाण्याचा माल आहे, किड्याची पावडर लावली आहे याले."

घरी येऊन प्रत्येक धान्यातली चिमूट ओल्या फडक्यात बांधून ठेवली. बाकी सगळ्यांना कोंब आले, सावा तसाच राहिला. मेलेला दाणा. चाचांनी तो मुकाट्यानं बदलून दिला आणि त्या दिवसापासून मला पाहिलं की म्हणत, "आली बाप्पा, इन्स्पेक्टर बाई."

मग सुरू झालं मामाजींचं जेवण. पिंजऱ्यासमोर पाट, पाटासमोर ताट, ताटात कुटकीचा भात, वरण आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. राघूच्या वाटीत तेच धान्य कच्चं, वर शेवग्याची एक डहाळी. मामाजींनी घास तोंडात घातला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. पण राघूकडे वळून म्हणाले, "अहा! काय झ्याक लागते!"

राघूनं मान वाकडी करून पाहिलं आणि पाठ फिरवली.

रोज हेच चाललं. मामाजी तोंड भरून कौतुक करत आणि राघू एखादा दाणा चाखून फेके. उपाशी मरू नये म्हणून मी करडईचे मोजकेच दाणे त्यात मिसळत असे. तो तेवढेच निवडून खाई. हे कारखान्यातून आले की ओसरीच्या टोकाला उभे राहून ते सगळं बघत. एकदा मला आत येऊन म्हणाले, "बाबा कोणासाठी असं करतीन, मले नाई वाटलं कधी."

तोंड मात्र मामाजींचं हळूहळू निवळत गेलं. एक दिवस मी कुटकीबरोबर ताकाची कढी केली. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "नाक्यावर हेच राहे," ते म्हणाले. मला म्हणाले, राघूला नाही. "पाड्यावरच्या बाया कुटकी आणून देत. तुयी सासू कढी करे. तिले लय आवडे."

मामाजींच्या तोंडून सासूबाईंचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

दिवाळीच्या सुमाराला माझे वडील आले. नव्या धानाचे पोहे आणले आणि लोंब्यांची एक वेणी, आमच्याकडे चिमण्यांसाठी दारावर बांधतात तशी. मी ती दाराला न बांधता पिंजऱ्याच्या सळईला बांधली. खरं तर ते मला आधीच सुचायला हवं होतं. वाटीतला दाणा म्हणजे काय, हे शेतावरच्या पोपटाला तरी कुठे ठाऊक असतं? राघू सरकत सरकत जवळ आला. लोंबीला चोच लावली. ती हलली, तर तो मागे झाला. परत आला. मग एका पायानं सळई धरून, एका पायात लोंबी धरून तो उलटा लटकला आणि करकर करकर सोलायला लागला. खाली तूस पडू लागलं.

"खाते! सुनबाई, खाते!" मामाजी ओरडले, आणि माझ्या वडिलांच्या खांद्यावर त्यांनी असा हात मारला की वडिलांच्या हातातला चहा सांडला. आयुष्यभर पोपट हाकललेले माझे वडील पिंजऱ्यासमोर बसून एका पोपटाला धान खाताना पाहत होते. "अजून पाठवीन जी," ते म्हणाले.

लोंबीनंतर राळ्याचं कणीस चाललं, कणसानंतर वाटीतला राळा, मग कुटकी, मग भिजवून मोड आणलेले मूग. पेरू तर तो बियांसाठी पोखरून काढी. हिवाळा संपता संपता छातीवर नवी पिसं आली, इतकी हिरवी की जुनी त्यांच्यापुढे मळकट वाटत. एक दिवस दार उघडं होतं, तर तो पिंजऱ्यातून निघून ओसरीभर उडाला आणि यांच्या डोक्यावर जाऊन बसला. हे हलले नाहीत. "काढा याले," एवढंच म्हणाले, पण कोणी काढेपर्यंत स्वतःही हात वर केला नाही.

मामाजींचे सदरे सैल झाले. धान्य आणायला आता तेच बाजारात जाऊ लागले. चाचांच्या दुकानात बसून पोत्यातलं धान्य हुंगत, कबुतरं विरुद्ध पोपट असा वाद घालत, आणि दुपार करून घरी येत. आणलेलं धान्य आम्ही दोघं ओसरीवर निवडत असू. मी पाखडायची आणि मामाजी परातीत खडे वेचायचे. हात कामात असला की त्यांना बोलता येई, हे मला तेव्हा कळलं. डोळे परातीवर ठेवून ते सासूबाईंबद्दल सांगत. त्या गाणं गुणगुणत, पण कोणी आलं की थांबत. अस्वलाला भीत नसत आणि पालीला भीत. आणि मग एका दुपारी त्यांनी सासूबाईंचं जाणं सांगितलं. दिवस भरले होते, नदीला पूर होता, बैलगाडी पाण्याच्या अलीकडेच थांबली. बाळही गेलं.

"पोट्ट्याले कसं सांगू हे?" ते म्हणाले. "तो मले विचारे, आई कुठी गेली? त्याचं तोंड तिच्यासारखंच. मले पाहवे नाई. म्हणून मामाकडे ठेवलं. शाळेचं नाव सांगतलं."

रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं यांना सांगितलं, काही न वगळता. हे उठले. हात धुवायला गेले आणि नुसतेच मोरीपाशी उभे राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही निवडायला बसलो, तेव्हा हे आले आणि परातीपाशी टेकले. कोणी बोलावलं नव्हतं. राळ्याचा एक ढीग पुढे ओढून खडे वेचू लागले. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा परातीकडे.

शेवटी मामाजींना राहवेना. "काय करून राह्यला रे? खडे ठेवून राह्यला आन दाणे फेकून राह्यला."

"मले कोणी शिकवलं का?" हे म्हणाले.

"दे इकडे. हे पाह्य, बोटानं असं सरकवाचं."

मामाजींनी यांचा हात धरून दाखवलं. धरलेला हात त्यांनी लगेच सोडला नाही. मी सूप उचललं आणि चहाचं निमित्त करून आत गेले. चहा मी फार सावकाश केला.

त्या उन्हाळ्यात यांनी रजा काढली आणि बापलेक आलापल्लीच्या मोटारीत बसून गेले. नदीकाठी सासूबाईंना जिथं पोचवलं होतं, ती जागा यांनी कधी पाहिली नव्हती. राघूला सांभाळायला मी घरी राहिले. निघताना मामाजींनी मला काय-काय द्यायचं ते सगळं समजावून सांगितलं, जणू ते मिश्रण मी कधी पाहिलंच नव्हतं. मीही "हो जी, हो जी" म्हणत ऐकून घेतलं.

परत आले ते दोघंही उन्हानं काळे पडलेले, पायांवर फुफाटा, आणि दोघंही एकदमच बोलणारे. नदीला पाणी किती कमी होतं, नाक्यावर लावलेल्या आंब्याच्या कोयीचं केवढं झाड झालं, पाड्यावरच्या एका म्हातारीनं यांना तोंडावरून कसं ओळखलं. एक सांगायला लागला की दुसरा मधेच दुरुस्ती करी. राघूनं ओरडून ओरडून ओसरी डोक्यावर घेतली होती, पण त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. मी चुलीवर आधण ठेवलं आणि दारात उभी राहून ऐकत राहिले.